आधी स्थिती, मग वारंवारता

दोन घटकांच्या बोस-आइन्स्टाइन कंडेन्सेटचा (एकमेकांत मिसळलेल्या दोन अतिथंड अणुढगांचा) तुझा आलेख पाहिला. सगळ्यात खालच्या मोडची, म्हणजे ढगाच्या कंपनप्रकाराची, वारंवारता काल्पनिक आली, म्हणजे कंपन न होता विचलन वाढतच जाणार आणि तू लगेच 'मिश्रण अस्थिर' असं लिहून मोकळी झालीस. थांब. खऱ्या ग्राउंड स्टेटभोवती, म्हणजे सर्वांत कमी ऊर्जेच्या स्थितीभोवती, काल्पनिक वारंवारता येऊच शकत नाही. मग तू ज्याला ग्राउंड स्टेट म्हणतेस, ती आहे तरी का? आधी स्थिती तपास, मग वारंवारता मोज.

ऊर्जा सहाव्या अंकापर्यंत स्थिरावली, हा पुरावा नव्हे. वेव्ह फंक्शनमधली चूक ऊर्जेत वर्ग होऊन येते, म्हणून ऊर्जा आधीच शांत दिसते. ग्रॉस-पिटायेव्स्की समीकरणाचं (कंडेन्सेटच्या वेव्ह फंक्शनचं समीकरण) रेसिड्यूअल, म्हणजे तुझं उत्तर त्यात घातल्यावर उरणारी चूक, दोन्ही घटकांसाठी वेगवेगळं काढ. दोन्ही अणुसंख्या स्वतंत्रपणे टिकतात, म्हणून शून्य वारंवारतेचे दोन मोड मिळालेच पाहिजेत. सॉल्व्हर वारंवारतेचा वर्ग, ω², देतो. तिथे शून्याऐवजी उणे १०⁻⁶ आलं, तर वर्गमूळ काढल्यावर १०⁻³ ची काल्पनिक वारंवारता दिसते. तुझा 'अस्थिर' मोड बहुधा हाच असावा.

तसं नसेल, तर एका घटकात थोडा नॉइज मिसळून इमॅजिनरी टाइम (ऊर्जा उतरवत स्थिती शोधणारी पद्धत) पुन्हा चालव. ऊर्जा आणखी उतरली, तर तू सॅडलवर बसली होतीस, म्हणजे काही दिशांनी ऊर्जा अजून उतरू शकते अशा बिंदूवर. सममित सुरुवात दिली की दोन्ही ढग एकमेकांत तसेच अडकून राहतात. अशा वेळी अस्थिरता खरी, पण ती मिसळलेल्या अवस्थेची, ग्राउंड स्टेटची नव्हे.

रुबिडियम-८७ घेतलास, तर आणखी जपून. तुझे दोन घटक म्हणजे एकाच अणूच्या दोन हायपरफाइन (अंतर्गत) अवस्था; त्यांच्या स्कॅटरिंग लांबी, म्हणजे अणूंमधल्या परस्परक्रियेची मापं, बोर त्रिज्येच्या साधारण १००.४ आणि ९५.० पट, परस्पर ९७.७ पट. १००.४ × ९५.० चं वर्गमूळही ९७.७ च्या आसपासच येतं! परस्पर लांबी या वर्गमुळाहून मोठी झाली की घटक विलग होतात, म्हणजे तू मिसळणं आणि विलग होणं यांच्या अगदी सीमेवर. इथे आकडे पूर्णांकात टाकणं मला अजिबात चालणार नाही. घनता १०¹⁴ प्रति घन सेंमी असेल तर हीलिंग लांबी (ज्या अंतरात घनता सावरते ते अंतर) सुमारे ०.२७ मायक्रॉन, म्हणून ग्रिड ०.१ मायक्रॉनच्या आत ठेव. स्पिन-लहरींची (दोन घटकांच्या घनतेतल्या फरकाच्या लहरींची) हीलिंग लांबी मात्र सीमेजवळ कितीतरी पटींनी वाढते. बॉक्स तेवढा मोठा नसेल, तर विलग होऊ पाहणारं मिश्रण मिसळलेलंच दिसतं.

परस्पर आकर्षणाच्या बाजूला इतक्यात जाऊ नकोस. तिथे मीन-फील्ड (सरासरी परस्परक्रियेचं गणित) कोसळणं सांगतं, पण ली-हुआंग-यांग दुरुस्ती, म्हणजे त्यापुढची क्वांटम चढउतारांची भर, अणूंचा थेंब सावरून धरते. भौतिकशास्त्रज्ञ पेत्रोव्हने २०१५ मध्ये ते दाखवलं आणि पुढे पोटॅशियम-३९ मध्ये ते थेंब दिसले.

इतकं तपासत बसलो तर पेपर लांबतो, असं तुझे मित्र म्हणतील. लांबू दे. स्थिती न तपासता काढलेला स्पेक्ट्रम, म्हणजे या वारंवारतांची यादी, मी वाचणार नाही. नागपूरच्या मे महिन्यात दुपारी लॅपटॉप तापून मंदावतो, तेव्हा एकमितीय चाचण्या दिवसा कर, मोठे ग्रिड रात्री लाव. पुढच्या मेलमध्ये दोन रेसिड्यूअल, दोन केमिकल पोटेन्शियल (प्रत्येक घटकात एक अणू वाढवायला लागणारी ऊर्जा) आणि नॉइजनंतरची ऊर्जा, एवढंच पाठव.