थारच्या डॅम्पिंगसाठी 78 हजार, एफडी मोडायची का?

तुमचा मेल दोनदा वाचला. थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. चाकणला नोकरी, आई चिपळूणला, 2021 ची डिझेल थार हार्डटॉप, दर दुसऱ्या शनिवारी उंब्रज-पाटण करत कुंभार्ली घाटातून घरी जाणं आणि रविवारी आईला घेऊन किंवा एकट्यानं परत. आई मागच्या सीटवर बसते आणि पाटणपर्यंतच तिचं डोकं दुखायला लागतं, पुढे बोलायचं तर ओरडून बोलावं लागतं. म्हणून तुम्ही डॅम्पिंगचं, म्हणजे पत्र्याला आतून शीट चिकटवून गाडीतला आवाज कमी करायचं, कोटेशन आणलंत, तीन लेयरचं फुल पॅकेज, 78,000. आता एफडी मोडायची की दुकानदार म्हणतो तसं बारा महिन्यांचं नो कॉस्ट ईएमआय करायचं, हा प्रश्न.

पहिलं म्हणजे हा खर्च उधळपट्टी आहे असं मला अजिबात वाटत नाही. गाडी अजून सात वर्षं ठेवणार म्हणताय, वर्षाला साधारण 26 फेऱ्या धरल्या तर एका फेरीमागे सव्वाचारशे रुपये पडतात, आणि जाऊन-येऊन पाचशे किलोमीटर आई शांत बसणार असेल तर त्याला कोण नको म्हणेल. फक्त विकताना याचे पैसे मिळतील हे डोक्यातून काढून टाका, सेकंड हँड घेणारा माणूस टायर बघतो, गंज बघतो, किलोमीटर बघतो, दाराच्या आत काय चिकटवलंय याचे कोणी जास्तीचे पैसे देत नाही.

आता तुमचे आकडे. हातात येतात 72,000. भाडं 14,000, गाडीचा हप्ता 17,500, घरी 10,000, महिन्याचा खर्च 16,000, एसआयपी 8,000. शिल्लक 6,500. एफडी 2 लाखाची, आणि तीच तुमची अडीअडचणीची रक्कम, दुसरी कुठली नाहीये. एसआयपी सोडून महिन्याचा खर्च 57,500 होतो म्हणजे आत्ताच साडेतीन महिन्यांची सोय आहे, मी सहा महिन्यांची सांगतो. त्यातून 78 हजार काढले की राहतात 1,22,000, दोन महिने जेमतेम, वर मुदतीआधी मोडली म्हणून बँक साधारण अर्धा ते एक टक्का व्याज कापणार ते वेगळं. आईचं वय, तिचं बीपी तुम्हीच लिहिलंय. ही एफडी तिच्यासाठीच आहे, तिला हात लावू नका.

नो कॉस्ट ईएमआयचं पण बघा. 78,000 भागिले 12, हप्ता बरोब्बर 6,500. म्हणजे महिनाअखेर शिल्लक शून्य, एखादं पंक्चर जरी झालं तरी कार्ड घासावं लागणार, आणि कार्डचं बिल पूर्ण भरलं नाही की महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज सुरू. शिवाय नो कॉस्ट म्हटलं तरी त्यातल्या व्याजाच्या भागावर जीएसटी लागतो, प्रोसेसिंग फी असते, आणि रोख दिले असते तर मिळाला असता तो डिस्काउंट बऱ्याचदा मिळत नाही. त्या दुकानदाराला एकदा विचाराच, रोखीत कितीला देणार.

आता खरा मुद्दा, पैसे कुठे टाकायचे. तुम्ही कोटेशन भाग पाडून पाठवलंत ते फार बरं केलंत: दोन्ही दारं आणि मागचं दार 14,000, मागचे व्हील आर्च (चाकांवरची पत्र्याची कमान) 8,000, फ्लोअर 18,000, रूफ 16,000, बॉनेट-फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) 12,000, मजुरी 10,000. ब्युटाइलची, म्हणजे एका प्रकारच्या रबराची, शीट आवाज गिळत नाही, ती पत्र्याची थरथर मारते. स्वतः करून बघा, दाराच्या पत्र्यावर मधोमध बोटाच्या पेरानं टकटक करा, टण्ण वाजतं ना? तिथेच तळहात घट्ट दाबून ठेवा आणि बाजूला वाजवा, आवाज थड्ड होतो, शीटचं काम तेवढंच. म्हणून अख्खा पत्रा झाकायची गरज नसते, मोठ्या सपाट भागाचा पाव ते एक तृतीयांश भाग नीट रोलर मारून चिकटवला की बहुतेक फायदा मिळून जातो, त्यावर दुसरी शीट लावली की वजन आणि बिल वाढतं, आवाज त्या मानानं कमी होत नाही. दोन एमएमची शीट चौरस मीटरला तीन किलोच्या आसपास भरते, सगळीकडे दोन-दोन थर लावले तर तुम्ही एक जादा माणूस कायम घेऊन फिरताय.

आणि तुमचा आवाज मुळात कुठला आहे? मागच्या वर्षी ऑल टेरेन (कच्च्या रस्त्यावरही चालणारे, मोठ्या खाचांचे) टायर टाकलेत, वर कॅरिअर आहे जो तुम्हीच लिहिता की बहुतेक रिकामाच असतो. आईला मागे त्रास होतो कारण ती मागच्या चाकांच्या अगदी शेजारी बसते. तेव्हा आधी फुकटातल्या नाहीतर किरकोळ खर्चाच्या गोष्टी. कॅरिअर काढून ठेवा, टायर रोटेट आणि अलाइनमेंट करून घ्या, कारण असे टायर वेडेवाकडे झिजले की घुंईं आवाज वाढतच जातो, हवा दारावरच्या स्टिकरप्रमाणे ठेवा, आणि दाराचं बीडिंग, म्हणजे कडेची रबरी पट्टी, कुठे दबलंय का ते बघा, दारात कागदाची पट्टी अडकवून ओढायची, सहज सुटून आली तर तिथून वारा येतोय. एवढं करून एकदा चिपळूणला जाऊन या.

तरीही त्रास असेल तर पहिल्या टप्प्यात फक्त दारं आणि मागचे व्हील आर्च. 22,000 आणि मजुरी चारेक हजार धरा, 26,000. ही तुमची चार महिन्यांची शिल्लक होते, एफडी नाही, कार्ड नाही, एसआयपी पण चालूच. चार महिने आईला अजून सहन करावं लागेल हे मला कळतं, तोवर तिला पुढच्या सीटवर बसवा, चाकापासून लांब असल्यानं तिथे बराच फरक असतो. बॉनेटचे पैसे तर मी आत्ता मुळीच देणार नाही, फायरवॉल नीट करायची तर डॅशबोर्ड उतरवावा लागतो, तेवढं कोण करत नाही, बॉनेटच्या आतून शीट लावून देतात आणि केबिनमध्ये फारसं काही कळत नाही. फ्लोअर शेवटी, कारण तुम्ही पावसाळ्यात नदी-ओढ्यातून घालता. मॅटखाली साधा स्पंज फोम टाकला की तो पाणी धरून बसतो आणि पत्रा खालून कुजतो, तिथे बंद पेशींचाच, म्हणजे पाणी न शोषणारा, फोम हवा आणि पाणी काढायची बुचं मोकळी राहायला हवीत.

हे मी कळकळीनं सांगतोय कारण माझ्या जुन्या जीपचं असंच काम करून घेतलं होतं, त्या वर्कशॉपवाल्यानं दाराच्या तळाची पाणी निघायची भोकंच शीटनं बुजवून टाकली. पहिल्या पावसात दार उघडलं की आतून डचमळ आवाज यायचा. दोन पावसाळ्यांत दाराची खालची कड फुगली, पत्रा कापून नवीन लावण्यात आणि रंगात डॅम्पिंगच्या दीडपट पैसे गेले. तेव्हा काम चालू असताना तिथे थांबा, डोअर पॅड (दाराचं आतलं आवरण) बसवायच्या आधी भोकांतून सुतळी घालून बघा आणि मोबाइलवर फोटो काढा. शीट ब्युटाइलचीच आहे हे पण बघून घ्या, डांबरी असली तर मे महिन्यात गाडी उन्हात उभी राहिली की आत डांबराचा वास येतो आणि छताची शीट सुटून लोंबते. बिल पक्कं घ्या, त्यावर मटेरियलचं नाव लिहून घ्या, आणि विमा रिन्यू करताना ही अ‍ॅक्सेसरी कंपनीला कळवा, नाहीतर क्लेमच्या वेळी ती धरली जात नाही.

दुकानदार पन्नास टक्के आवाज कमी म्हणतोय, त्यावर जाऊ नका. डेसिबलमध्ये तीनचा फरक कानाला जेमतेम कळतो, आवाज निम्मा झाल्यासारखा वाटायला दहाच्या आसपास लागतो. मोबाइलवर आवाज मोजायचं एखादं फुकट अ‍ॅप घ्या, आकडा अचूक नसेल पण तोच फोन, सातारा रस्त्याचा तोच तुकडा, 80 चा स्पीड, काचा बंद, एसी बंद, मागच्या सीटवर ठेवून एकदा आत्ता, एकदा कॅरिअर-टायरचं काम झाल्यावर आणि एकदा पहिल्या टप्प्यानंतर मोजा. तिन्ही आकडे मला पाठवा, आणि आईला काय वाटलं ते पण लिहा, रूफचे 16,000 घालायचे की नाही ते त्यावर ठरवू.