पाहिलंस तेच लिही

प्रिय मुली,

फिगर स्केटिंगच्या ट्रायल जजिंगला, म्हणजे गुण मोजले न जाणाऱ्या सरावाच्या परीक्षणाला, त्या मुलीच्या स्केटिंग स्किल्सना तू दहापैकी ६.२५ दिलेस, पॅनेलवरचे बाकीचे आठच्या आसपास होते, आणि नंतरच्या चर्चेत तुझी उलटतपासणी झाली. तेव्हापासून तुला वाटतंय की आपल्याला नजरच नाही.

मला एकच सांग. ते ६.२५ पाहून दिलेस की बिचकून? पाहून दिले असशील तर पाहिलंस तेच लिहिलंस, विषय संपला. फक्त कारण तोंडपाठ हवं. वळणं उथळ होती, वेग क्रॉसओव्हर, म्हणजे पायावरून पाय टाकत, मारून मारून आणला होता, बराच वेळ ती दोन्ही पायांवर होती, असं धडधडीत सांग. 'मी अजून नवीन आहे' हे मात्र पुन्हा लिहू नकोस, मला राग येतो.

नऊ परीक्षकांतला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा हिशेबातून गळतो. पॅनेलवर गेलीस की कधी तुझाही गळेल. गळू दे.

खरी अडचण डोळ्यांची नसते, कानांची असते. शेवटच्या गटात मोठी नावं येतात, टाळ्या आधीच सुरू होतात आणि आपला हात नकळत वर सरकतो. म्हणून मी सराव पाहायला जात नाही. सहकारी याला आडमुठेपणा म्हणतात. म्हणोत. सकाळी सुरेख पडलेली उडी संध्याकाळच्या फसलेल्या उडीला गुण मिळवून देते, हे मी वर्षानुवर्षं पाहिलंय.

आमच्या वेळी कंपल्सरी फिगर्स होत्या, म्हणजे ठरलेल्या आकृत्या स्केटने बर्फावर कोरायच्या. १९९० नंतर त्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून गेल्या. परीक्षक बर्फावर उतरून, वाकून आमची रेघ तपासायचे. रेघ समोर असूनही गुण नावाला पडायचे! मग २००२ मध्ये सॉल्ट लेक सिटीच्या हिवाळी ऑलिंपिकला जोड्यांच्या स्पर्धेत फ्रेंच परीक्षकावरच्या दबावाचं प्रकरण झालं, दोन सुवर्णपदकं द्यावी लागली आणि सहापैकी गुण द्यायची ६.० ची पद्धत मोडीत निघाली. उपाय काय, तर परीक्षकांची नावंच झाकली. कुणी कुणाला किती दिले ते २०१६ पर्यंत कळत नव्हतं. मला ती वर्षं अपमानाची वाटली. पाहिलंस तेच लिही, आणि खाली तुझं नाव असू दे.

याची किंमत मला ठाऊक आहे. माझ्या जुन्या प्रशिक्षक बाईंच्या एका विद्यार्थिनीची लुट्झ नावाची उडी उडताना स्केटच्या पात्याच्या आतल्या धारेवर कलली. लुट्झ बाहेरच्या धारेवरूनच उडायला हवी, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. मी गुण कापले. त्या माझ्याशी बोलायच्या थांबल्या आणि अबोला न सुटताच गेल्या. मला स्केटिंग देणारी बाई होती ती. खंत आहे, रोज आहे. पण तो कार्यक्रम आज समोर लावलास तरी मी तेच गुण देईन. दुसरं काय देणार होते? धार कललेली मी पाहिली होती.

या कामाला पगार नाही आणि कौतुकही नाही. हे जमणार नसेल तर आत्ताच सोड, मी रागावणार नाही.

जमणार असेल तर पुढच्या स्पर्धेला ये. माझ्या शेजारी बसू नकोस, माझ्या पेन्सिलीकडे पाहशील. पलीकडच्या टोकाला बस. संपलं की तुझा कागद आण, मी माझा आणते. जिथे फरक असेल तिथे व्हिडिओ लावू, आणि माझं चुकलं असेल तर तोंडावर सांग.

तुझी,
मावशी