डिझेल इंजिनाचे ऑइल आणि हवा: नव्या मेकॅनिकसाठी

आपण वाडीच्या गॅरेजमध्ये नुकतेच कामाला लागला आहात, म्हणून हे आधीच सांगतो. ऑइल पंप चेंबरमधले (इंजिनाच्या तळाच्या टाकीतले) ऑइल जाळीतून ओढून फिल्टरमार्गे मुख्य गॅलरीत, म्हणजे इंजिनातल्या ऑइलच्या मुख्य वाटेत, ढकलतो. तेथून ते क्रँकच्या बेअरिंगांना, कॅमशाफ्टला आणि टर्बोला (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याला) पोहोचते आणि धातूवर धातू घासू न देणारा पातळ थर टिकवते. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला १ लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो, तोही याच ऑइलवर तरंगतो. त्यामुळे भार ओढून आलेली गाडी लगेच बंद न करता २-३ मिनिटे आयडलवर (रेस न देता चालू) ठेवावी, नाहीतर तापलेल्या टर्बोत थांबलेले ऑइल जळून त्याचा कोळसा होतो.

हवेकडे मात्र आपण अधिक लक्ष द्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि तापलेली हवा विरळ असते, म्हणून टर्बोतून येणारी गरम हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या जाळीत धूळ साचू देऊ नये. हवेचा फिल्टर नवा असला तरी त्याच्यापासून इंजिनाकडे जाणारा होज (रबरी नळी) चिरलेला असल्यास धूळ थेट आत शिरते आणि लायनर (सिलिंडरचे आतले अस्तर), पिस्टनच्या रिंगा झिजवते. होज काढून आतून बोट फिरवावे, धूळ लागली तर गळती तेथेच शोधावी.