डीएमझेडमधल्या (इंटरनेट आणि आतलं नेटवर्क यांच्यामधल्या वेगळ्या पट्ट्यातल्या) मेल रिलेला (बाहेरची मेल घेऊन आत ढकलणाऱ्या मशीनला) पत्ते तपासता यावेत म्हणून डोमेन कंट्रोलरचं (कंपनीतल्या सगळ्या खात्यांची यादी ठेवणाऱ्या सर्व्हरचं) 389 पोर्ट उघडू का?

नाही. 389 नको आणि त्याचंच एन्क्रिप्टेड रूप 636 पण नको. ट्रॅफिक एन्क्रिप्ट झालं तरी कनेक्शन बाहेरून आतच येतंय. डीएमझेडमधली मशीन एक दिवस फुटणार असं धरूनच तिला वेगळी ठेवतात. तिथून आत फक्त 25 (मेलचं पोर्ट), तेही एक्स्चेंजच्या (आतल्या मेल सर्व्हरच्या) एकाच आयपीवर.

चाकणच्या एका कारखान्यात मी याच मुद्द्यावर व्हेंडरशी कडाडून भांडलोय. त्याने बसवलेल्या पोस्टफिक्समध्ये (रिलेच्या मेल सॉफ्टवेअरमध्ये) रिले_डोमेन्सला कंपनीचं डोमेन होतं, पण रिले_रेसिपियंट_मॅप्स, म्हणजे खऱ्या पत्त्यांची यादी, रिकामं. म्हणजे @ च्या आधी काहीही लिहा, रिले मेल घेणार. मग आतला एक्स्चेंज म्हणणार असा कोणी इथे नाही, आणि रिले बाउन्स (मेल पोचली नाही असं सांगणारी मेल) बनवून पाठवणाऱ्याला धाडणार. स्पॅममधला पाठवणारा खोटा असतो, त्यामुळे बाउन्स भलत्याच्याच माथी. थोड्याच दिवसांत आयपी ब्लॅकलिस्टमध्ये गेला आणि परचेसच्या पीओ (खरेदीच्या ऑर्डर) सप्लायरला पोचेनात. व्हेंडर म्हणाला, आतल्या पीसींना व्हायरस आहे, सगळे फॉरमॅट करा. मी मेलक्यू (अडकलेल्या मेलची यादी दाखवणारी कमांड) चालवून आयटी मॅनेजरसमोर धरलं: स्क्रीनमागून स्क्रीन, पाठवणाऱ्याच्या जागी सगळीकडे मेलर-डीमन. रिलेनेच बनवलेले बाउन्स होते ते. त्यावर व्हेंडरने 389 मागितलं, आणि साहेबांनी मान डोलावली!

मी अडून बसलो. आतल्या एका मशीनवर स्क्रिप्ट लावली. ती दर तासाला एडीमधून (डोमेन कंट्रोलरवरच्या अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीमधून) प्रॉक्सीअ‍ॅड्रेसेस, म्हणजे सगळ्यांचे मेल पत्ते, काढते, एससीपीने (सुरक्षित फाइल कॉपीने) रिलेवर टाकते, तिथे ती यादी पोस्टफिक्सला वाचता येईल अशी करायला पोस्टमॅप चालतं. कनेक्शन आतून बाहेर, उलटं कधीच नाही. आता चुकीचा पत्ता आला की आरसीपीटी टू लाच (समोरचा सर्व्हर पत्ता सांगतो त्या टप्प्यालाच) 550, म्हणजे नकार, जातो, बाउन्स बनवायचा तर समोरच्या सर्व्हरने बनवावा. व्हेंडरचं म्हणणं, नवीन माणसाची मेल तासभर परत जाईल. मग खातं उघडल्यावर स्क्रिप्ट हाताने चालवा, त्यासाठी डोमेन कंट्रोलर उघडा टाकायचा? मायक्रोसॉफ्टचा एज ट्रान्सपोर्टसुद्धा (एक्स्चेंजचाच डीएमझेडमधला रिले) असाच चालतो. त्याचं एजसिंक यादी आतून 50636 पोर्टवर बाहेर ढकलतं. हे मी तेव्हाही दाखवलं होतं.

तुमच्या बाकीच्या सेटअपबद्दल: ट्रान्सपोर्ट मॅपमध्ये (मेल पुढे कुठे द्यायची ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) एक्स्चेंजचा आयपी चौकोनी कंसातच लिहा. मायनेटवर्क्समध्ये (रिलेतून बाहेर मेल पाठवायची मुभा असलेल्यांच्या यादीत) अख्खा सबनेट टाकू नका, एक्स्चेंजचा एकच आयपी पुरतो. बाहेर जाणारी मेलही इथूनच काढणार असाल तर पीटीआर रेकॉर्डसाठी (आयपीवरून नाव सांगणाऱ्या डीएनएस नोंदीसाठी) आयएसपीच्या मागे आजच लागा, ते काम तुमच्या हातात नसतं.

आणि हो, डिस्ट्रिब्युशन ग्रुपचे (एका पत्त्यावर आलेली मेल अनेकांना देणारे) पत्ते यादीत घ्यायला विसरू नका. मेलबॉक्स मायक्रोसॉफ्ट 365 वर हलवायचे ठरत असतील तर येणाऱ्या मेलसाठी हा रिले बसवूच नका. स्कॅनर आणि ईआरपीची (कंपनीच्या व्यवहारांच्या सॉफ्टवेअरची) मेल बाहेर पाठवायला आतच एक छोटा रिले पुरेल.