मिस्त्रीकाकांना विचारा : नवा पंप टाकला, तरी टेम्पो घाटात बंद

प्रश्न : मिस्त्रीकाका, नमस्कार. माझा पेट्रोल-सीएनजीवर चालणारा छोटा टेम्पो आहे. नारायणगावहून टोमॅटो भरून रात्री माळशेज घाटाने कल्याणला नेतो. गॅस संपला की पेट्रोलवर घेतो. मग घाट उतरताना गाडी आचके देते आणि बंद पडते. वीस मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू. दिवसा क्वचितच त्रास देते, गॅसवर तर कधीच नाही. गॅरेजमध्ये ‘पंप गेला’ म्हणून नवा टाकला. बारा दिवसांनी पुन्हा तेच. दिवाळीत बॉडी बांधून रंगवून घेतली, एवढं सोडून गाडीला हात लावलेला नाही. आता म्हणतात, पंपच डुप्लिकेट निघाला, दुसरा टाका. टाकू का?
– एक वाचक, ओतूर

उत्तर : नका टाकू. खिसा शिवून ठेवा आणि आधी मल्टीमीटर आणा.

गॅसवर बंद पडत नाही, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. प्लग, कॉइल, क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला सांगणारा) दोन्ही इंधनांना सामाईक, त्यामुळे ते सुटले. शिवाय क्रँक सेन्सर गेला तर इंजिन खटकन बंद होतं. आचके देत मरणारं इंजिन म्हणजे पेट्रोलचं प्रेशर हळूहळू पडतंय.

पण माझं लक्ष अडकलं ते दिवाळीतल्या रंगावर. बॉडीवाले चासीवरचा अर्थिंगचा बोल्ट (करंट ज्यातून बॅटरीकडे परत जातो तो) काढतात, फवारा मारतात आणि वायरीचं थिंबल, म्हणजे टोकाची धातूची कडी, त्या रंगावरच आवळून टाकतात. रंगातून करंट जात नाही. जातो तो बोल्टच्या आट्यांमधून, कसाबसा. बऱ्याच गाड्यांत पंपाची आणि मागच्या दिव्यांची अर्थ एकाच बोल्टवर असते.

आता हिशेब बघा. पंप साधारण 5 अँपिअर ओढतो. 21 वॉटचे दोन ब्रेक लाइट साडेतीन, टेल लाइट पाऊण. रात्री उतारावर ब्रेक दाबला की त्या बोल्टवर नऊएक अँपिअर. तिथे अर्धा ओहम अडथळा असला, तर साडेचार व्होल्ट तिथेच खलास. चालू गाडीच्या साडेतेरा-चौदा व्होल्टांपैकी पंपाच्या वाट्याला राहतात नऊ-साडेनऊ. पंप फिरतो, पण प्रेशर देत नाही. चाळीसेक वॉटची उष्णताही त्याच जोडावर, म्हणजे सोल्डरिंगची इस्त्रीच! तापला की अडथळा आणखी वाढतो. वीस मिनिटांत निवतो, गाडी चालू. दिवसा दिवे बंद, म्हणून त्रास कमी.

आज रात्री अंगणातच बघा. पार्किंग लाइट लावा, इंडिकेटर द्या, ब्रेक दाबा आणि घरातल्या कुणाला तरी मागे उभं करा. ब्रेकबरोबर इंडिकेटर मंदावला किंवा टेल लाइट फडफडला, तर चोर जवळजवळ सापडला.

पुरावा मीटरने घ्या. गाडी पेट्रोलवर चालू ठेवा, मीटर डीसी 20 व्होल्टवर. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल पिन पंपाच्या कपलरमधल्या (वायरींच्या जोडातल्या) अर्थ वायरीला मागच्या बाजूने. कपलर काढायचा नाही. 0.1-0.2 व्होल्ट दिसले तर ठीक. अर्ध्याच्या वर गेले, आणि ब्रेक दाबताच आकडा उडाला, तर पंपाला दोष देऊ नका.

गॅरेजवाले इथेच फसतात. ते कपलर काढून मीटर लावतात, साडेबारा व्होल्ट दिसतात आणि म्हणतात, ‘करंट येतोय, पंपच गेलाय’. वायरीचा एकच तार शिल्लक असला तरी बिनलोडचा मीटर साडेबाराच दाखवतो. मी अशा वेळी कपलरला पंपाऐवजी हेडलाइटचा जुना 60 वॉटचा बल्ब लावतो. तोही 5 अँपिअर ओढतो, पंपाइतकाच. पांढराशुभ्र पेटला तर वायरिंग चांगली, पिवळट पेटला तर नाही. चावी ऑन केल्यावर पंपाला दोन-तीन सेकंदच करंट मिळतो, तेवढ्यात बघायचं. बल्ब तापतो, म्हणून लांब वायरीने टाकीपासून दूर धरा. पेट्रोलचा वास येत असेल तर हा प्रयोग अजिबात करू नका.

अर्थ चांगली निघाली तर हीच परीक्षा पॉझिटिव्ह बाजूची, मग रिले (पंपाचा करंट चालू-बंद करणारा स्विच). पण मला तिथवर जावं लागेल असं वाटत नाही. बोल्ट काढा, रंग चकचकीत लोखंडापर्यंत घासा, थिंबल नवं टाका, आवळा आणि वरून ग्रीस. खात्री करायची असेल तर एक फेरी बॅटरीच्या निगेटिव्हवरून पंपाच्या अर्थ वायरीला वेगळी जाड वायर टाकून करा. फ्यूज मात्र मोठा टाकू नका, वायरिंग जळेल.

आणि गॅसवाल्यांची खोड म्हणून विचारतो : टाकीत पेट्रोल किती असतं? टाकीतला पंप पेट्रोलनेच थंड राहतो. कायम रिझर्व्हवर ठेवाल, तर नवा पंपही खरोखरच जाईल. पाव टाकी ठेवाच.

जुना पंप गॅरेजमध्ये पडला असेल तर मागून आणा. बहुधा तो चांगला आहे.