वाचक विचारतात: काजवे पाहायला सहकुटुंब निघताना

मे महिन्याचा शेवट आला की काजवा महोत्सवाविषयीची पत्रे वाढतात. बहुतेक पत्रे भंडारदऱ्याबद्दलची असतात, म्हणून उत्तरेही तिथली आहेत. राजमाची, सिद्धगड, पुरुषवाडी किंवा राधानगरीला जाणाऱ्यांनाही रस्ते सोडून बाकी सगळे लागू पडेल.

प्रश्न: गेल्या वर्षी जूनच्या तिसऱ्या आठवड्यात गेलो. पाऊस कोसळत होता, चार-दोन काजवे दिसले. महोत्सव म्हणतात तो नेमका कधी असतो? (ठाणे)

तुम्ही उशिरा गेलात. वळवाच्या पहिल्या सरी पडल्या की मेच्या मध्याच्या आसपास काजवे दिसू लागतात. मेच्या अखेरीस आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यांचा बहर असतो. मोसमी पाऊस लागला की हा बहर झपाट्याने ओसरतो. भंडारदऱ्याजवळच्या घाटघरला नगरची चेरापुंजी म्हणतात, तेव्हा तिथे पाऊस ‘लागणे’ म्हणजे काय ते सांगायला नको. प्रौढ काजव्याचे आयुष्य जेमतेम दोन-तीन आठवड्यांचे. त्यात जोरदार पाऊस आणि वारा आला की झाडावरची गर्दी पांगते. रिमझिमीचे मात्र भय नाही, पानांखाली बसून ते लुकलुकत राहतात. दिवसभर उकाडा, संध्याकाळी दमट हवा आणि वारा पडलेला, अशी रात्र सर्वांत चांगली.

तारीख ठरवताना कालनिर्णय काढा आणि तिथी पाहा. चांदण्यात काजव्यांचा उजेड फिका पडतो आणि तेही कमी चमकतात. संकष्टीला त्या दिवसांत चंद्र रात्री दहाच्या सुमारास उगवतो. त्यामुळे वद्य पंचमीपासून अमावास्येपर्यंत संध्याकाळ पूर्ण अंधारी मिळते. अमावास्येनंतर शुद्ध तृतीयेपर्यंतही चालते, कारण कोर लवकर मावळते. पौर्णिमेच्या आधीचा आठवडा टाळाच.

आणि शक्य असेल तर शनिवार सोडा. मुलांना सुट्ट्याच असतात, मोठ्यांनी सोमवारी-मंगळवारी एक रजा टाकावी. शनिवारी रात्री तिथे काजव्यांपेक्षा गाड्यांचे दिवे जास्त दिसतात.

प्रश्न: चिंचवडहून एका रात्रीत जाऊन परत येता येईल का? पाच वर्षांची मुलगी आणि सत्तरीच्या आई बरोबर आहेत.

येता येईल, पण येऊ नका. पुण्याहून संगमनेर, अकोले, राजूर, शेंडी (भंडारदरा धरणाजवळचे गाव) हा रस्ता एका बाजूने चार-पाच तासांचा आहे. काजवे पाहून दहाला निघालात तर पहाटे दोन-तीनला घरी. चालकाला डुलकी लागते ती नेमकी शेवटच्या तासाला. मुंबईकरांसाठी कसारा घाट, इगतपुरी, घोटी, शेंडी असा मार्ग आहे. जवळचे मोठे रेल्वे स्थानक इगतपुरी. नकाशात गाव शोधताना ‘अकोले’ लिहा. ‘अकोला’ लिहिले तर फोन तुम्हाला विदर्भात नेईल.

मुक्कामासाठी शेंडी सोयीची, पण काजव्यांसाठी धरणाच्या पाण्याभोवतीची गावे बरी: मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी. इथल्या घरगुती मुक्कामांत जेवणही होते. फोनवर ठरवतानाच दोन गोष्टी विचारा. अंगणातून किंवा पाच-दहा मिनिटांच्या अंतरावर काजव्यांची झाडे आहेत का, आणि रात्री अंगणातला दिवा बंद करतील का. आजींना चालायचे नसेल तर असे घर मिळणे हेच अर्धे काम. त्यांना खुर्ची टाकून द्यावी, लांबच्या ‘प्रसिद्ध’ झाडापर्यंत ओढत नेऊ नये.

दुपारी चारपर्यंत पोहोचा. हा परिसर कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. वन खात्याच्या नाक्यावर माणशी आणि गाडीचे शुल्क भरून पावती जपून ठेवा, आणि रात्री किती वाजेपर्यंत आत थांबता येते ते तिथेच विचारा. वेळा आणि दर बदलत असतात. पैसे रोख ठेवा, फोनला सगळीकडे रेंज नसते. इंधन घोटीला किंवा अकोल्यात भरून घ्या. जेवण साडेसहाला उरका, म्हणजे नेमक्या वेळी मूल भुकेने रडणार नाही. सूर्य सातनंतर मावळतो, पावणेआठच्या सुमारास पहिले काजवे लुकलुकतात आणि आठ ते दहा हा भराचा काळ.

प्रश्न: गाडीचे दिवे बंद ठेवा असे फलक असतात, पण अंधारात गाडी चालवायची कशी? (डोंबिवली)

चालवायचीच नाही. अंधार पडायच्या आत गाडी गावात लावा आणि पुढे चालत जा. नर काजवा चमकून मादीला खूण करतो आणि मादी उत्तर देते. हेडलाइटचा झोत पडला की हा संवाद तुटतो आणि अख्खे झाड विझल्यासारखे होते. दिवा गेल्यावर पुन्हा लय धरायला वेळ लागतो. तोवर पुढची गाडी आलेली असते.

गाडीतले छोटे दिवेही विसरू नका. दार उघडल्यावर लागणारा छताचा दिवा ‘ऑफ’वर करा. रिमोटने दार लावले की इंडिकेटर लुकलुकतात, म्हणून किल्लीने लावा. नव्या गाड्यांचे दिवसा लागणारे दिवे इंजिन सुरू असेपर्यंत जळतात, तेव्हा एसीसाठी इंजिन चालू ठेवून आत बसू नका. मुलांचे चमकणारे बूट आणि उजळणारी मनगटी घड्याळे खोलीवर ठेवा.

वाटेसाठी एकच टॉर्च पुरते. तिच्या काचेवर लाल जिलेटिन कागदाचे तीन-चार थर रबराने बांधा आणि झोत पायाशी ठेवा. लाल उजेडाचा काजव्यांना कमी त्रास होतो आणि आपली नजरही बिघडत नाही. अंधाराला डोळे सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात. मधेच कुणी मोबाइल पाहिला की पुन्हा पहिल्यापासून. ‘काहीच नाही इथे’ म्हणत दहा मिनिटांत उठणारे बरेचसे लोक डोळे सरावायच्या आत उठलेले असतात.

एका जागी बसा. सादडा, हिरडा, बेहडा, जांभूळ, उंबर, आंबा या झाडांकडे पाहत राहा. शेकडो काजवे एकाच ठेक्यात उजळतात आणि विझतात, ती लाट एका झाडावरून दुसऱ्यावर सरकताना दिसते. ती गाडीतून कधीच दिसणार नाही.

प्रश्न: चौथीतला मुलगा विचारतो, काजवा हातावर घेतला तर चटका का बसत नाही? आणि पोटात बॅटरी असते का? (नाशिक)

काजवा हा भुंगेऱ्यांच्या गणातला कीटक. पोटाच्या शेवटच्या भागात खालून फिकट पिवळसर पट्टे दिसतात, ते त्याचे दिवे. तिथल्या पेशींत ल्युसिफेरिन नावाचे द्रव्य असते. ल्युसिफेरेज हे विकर (एन्झाइम), हवेतला प्राणवायू आणि पेशीतली ऊर्जा मिळाली की त्यातून उजेड निघतो. साध्या बल्बमध्ये तार तापते म्हणून ती उजळते. इथे काहीच तापत नाही, म्हणून चटका नाही. दिव्यामागे युरिक आम्लाच्या कणांचा पांढरा थर असतो, तो उजेड बाहेर परतवतो. ‘शंभर टक्के ऊर्जेचा उजेड होतो’ असे बऱ्याच ठिकाणी छापलेले असते, ते खरे नाही. 2008 साली जपानी संशोधकांनी अमेरिकेतल्या एका जातीच्या विकरावर मोजले तेव्हा ही रासायनिक क्रिया शंभर वेळा घडली तर उजेडाचा कण सुमारे 41 वेळा निघतो असे आढळले. तरीही ते भरपूरच आहे.

मुलाला एक खेळ द्या. आपल्याकडे झुंडीने दिसणाऱ्या काजव्यांत नराला दिव्याचे दोन पट्टे असतात आणि मादीला एक. पानावर बसलेला काजवा खालून, हात न लावता, लाल टॉर्चने क्षणभर पाहायचा आणि पट्टे मोजायचे. उडणारे बहुतेक नर असतात, माद्या गवतावर किंवा झुडपावर बसून उत्तर देतात. काही जातींच्या मादीला पंखच नसतात. ती अळीसारखी दिसते आणि न लुकलुकता सलग उजळते. जमिनीवर तसा ठिपका दिसला तर पाऊल तिथेच थांबवा.

प्रश्न: इंटरनेटवरच्या फोटोंत लाखो काजवे दिसतात. प्रत्यक्षात तेवढे असतात का? आमच्या मोबाइलवर फक्त काळोख आला. (पनवेल)

ते फोटो एका क्षणाचे नसतात. कॅमेरा तिपाईवर ठेवून एकाच चौकटीचे पन्नास-शंभर फोटो काढतात आणि संगणकावर एकावर एक रचतात. एकच काजवा त्यात वीस ठिकाणी दिसतो. मुलांना आधीच हे सांगा, नाहीतर हिरमोड होतो.

स्वतः काढायचा असेल तर: रुंद लेन्स, अ‍ॅपर्चर f/1.8 ते f/2.8, आयएसओ 1600 ते 3200, प्रत्येक फोटो 15 ते 30 सेकंदांचा. फोकस उजेड असतानाच झाडावर पक्का करून ‘मॅन्युअल’वर ठेवा, कारण अंधारात कॅमेरा फोकस शोधताना स्वतःच दिवा लावतो. फ्लॅश बंद, पाठचा पडदा बंद, कॅमेऱ्यावर लागणाऱ्या लाल दिव्याच्या ठिपक्यावर काळी चिकटपट्टी. मोबाइल असेल तर छोटी तिपाई, नाइट मोड आणि तीन सेकंदांचा टायमर. हातात धरून काढलेला फोटो काळाच येणार.

प्रश्न: साप, विंचू, डास यांची भीती वाटते. काय घालावे, काय लावावे? (पुणे)

भीती रास्त आहे. पहिल्या पावसात साप-विंचू बाहेर पडतात. सर्वांना घोट्यापर्यंतचे बूट, लांब पँट, पूर्ण बाह्या, गडद रंग. रस्ता किंवा मळलेली पायवाट सोडू नका, दगडावर आणि बांधावर न पाहता बसू नका, अंथरायला जाड सतरंजी न्या. साप चावलाच तर जखम कापणे, चोखणे, आवळून बांधणे यातले काही करू नका. चावलेला भाग हलवू नका, 108 ला फोन करा आणि वाट पाहण्यात वेळ जाणार असेल तर स्वतःच्या गाडीने सरकारी रुग्णालय गाठा. सर्वांत जवळचे कोणते, हे मुक्कामाच्या घरी पोहोचल्या पोहोचल्या विचारून ठेवा.

डासांचे मलम निघण्याआधी तासभर खोलीतच लावा आणि मग तळहात साबणाने धुवा. फवारा झाडाखाली मारू नका. जे डासाला नकोसे ते काजव्यालाही बरे नाही.

प्रश्न: मुलगी दोन-चार काजवे बाटलीत आणायचा हट्ट करते. शेतात सोडले तर वाढतील का? पूर्वी आमच्याकडे पुष्कळ असत. (जुन्नर)

नाही, बाटलीत एक-दोन दिवसांत मरतील, आणि शेतात मूळ अडचण वेगळीच आहे. काजव्याच्या आयुष्याचा मोठा भाग अळी म्हणून मातीत आणि पालापाचोळ्यात जातो. ही अळी गोगलगायी खाते. पाला जाळला, बांध तणनाशकाने स्वच्छ केले, गोगलगायींसाठी विषारी गोळ्या टाकल्या की अळीचे घर आणि अन्न दोन्ही गेले. वरून रात्रभर जळणारा पांढरा एलईडी.

ओढ्याकडेची किंवा सावलीच्या बांधाची दोन-तीन मीटर रुंद पट्टी निवडा. तिथला पाला उचलू नका, जाळू नका, नांगरू नका, फवारू नका. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा पाणी शिंपडून ओल टिकवा. भाताच्या राबासाठी (रोपांची जमीन भाजायला) पाला हवाच असेल तर तो दुसरीकडून आणा. मे-जूनमध्ये त्या बाजूचा दिवा संध्याकाळी सातपासून बंद ठेवा, अगदीच लागत असेल तर मंद पिवळा आणि खाली तोंड केलेला. आसपास एखाद-दुसरा काजवा अजून दिसत असेल तर दोन-तीन पावसाळ्यांत फरक कळू शकतो. एकही दिसत नसेल तर फार आशा धरू नका, कारण ते फार लांब उडत जात नाहीत.