पेडल मऊ लागलं, पॅड बदलू का?

प्रश्न : सप्तशृंगी गडावरून नांदुरीला उतरताना ब्रेकचं पेडल एकदम मऊ लागलं. दोन-तीनदा दाबलं तेव्हा ब्रेक लागला. नाशिकला पोचेपर्यंत सगळं ठीक. पॅड बदलू का?
– एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : ताई, पॅडचं नंतर बघू. आधी ब्रेक ऑइल. हे ऑइल हवेतला ओलावा ओढतं. डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक प्रकार) ताजं असलं तर २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की १५५च्या आसपासच उकळू शकतं. उतारभर ब्रेकवर पाय राहिला की कॅलिपरमध्ये, म्हणजे चाकापाशी पॅड दाबणाऱ्या भागात, वाफ धरते. ऑइल दबत नाही, वाफ दबते, म्हणून पाय खाली जातो. गार झालं की पेडल पुन्हा कडक, आणि माणूस निर्धास्त होतो. तीच मला भीती वाटते.

गाडी उभी करून, इंजिन चालू ठेवून पेडल एकसारखं दाबून धरा. हळूहळू खाली बसत गेलं तर मास्टर सिलिंडरचं (पेडल दाबलं की ऑइल पुढे ढकलणाऱ्या पंपाचं) रबर गेलंय किंवा कुठेतरी गळतंय. मग गाडी चालवू नका, टो करूनच न्या.

पेडल खाली बसलं नाही तर ऑइल बदलून हवा काढून घ्या, आणि समोर उभं राहून बघा. चाकापाशी हवा काढायचा छोटा स्क्रू असतो, त्याला निपल म्हणतात; त्याला पारदर्शक नळी लावायची. गाडीत बसलेला माणूस पेडल दाबून धरतो, मी निपल सैल करतो. निपल बंद झाल्याशिवाय त्याने पाय उचलायचा नाही. आधी चहासारखं काळपट येतं, मध्ये बुडबुडे. स्वच्छ धार येईपर्यंत थांबायचं, ब्रेक ऑइलची टाकी रिकामी होऊ द्यायची नाही.

दर २ वर्षांनी ऑइल बदला. आणि नांदुरीचा घाट दुसऱ्या गिअरमध्येच उतरा.